वहिनीनं व्होल्टेज उतरवलं

आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती आणि त्यांच्यात भांडण मात्र काडीचं नव्हतं. एक माझे वडील, अण्णा, आणि दुसरी माझी वहिनी. सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, हा आईनं तिच्या माहेराहून आणलेला रिवाज, आणि तो ती डोळ्यांत तेल घालून सांभाळायची. त्यामुळे अण्णा ओसरीवर बसून भिंतीकडे बघत म्हणायचे, “चहा टाकला का म्हणावं,” आणि वहिनी चुलीपुढून माझ्याकडे बघून म्हणायची, “उकळी फुटली म्हणावं.” दोघांमध्ये चार हातांचं अंतर. दोघांचे कान शाबूत. तरी मी मध्ये तोंड घातल्याशिवाय तो निरोप पोचला असं कुणी धरायचंच नाही. मी तेव्हा जुन्नरच्या कॉलेजात नुकती जायला लागले होते, जिभेनं तिखट होते आणि घरात धाकटी होते. धाकट्याच्या वाट्याला घरात काय येतं हे ज्याचं त्याला माहीत. माझ्या वाट्याला हे टपालखातं आलं होतं.

घर आमचं आळेफाट्याला, हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढं अण्णांचं मोटार वायंडिंगचं दुकान आणि मागं आम्ही. नाशिककडं जाणारे ट्रक फाट्यावर गिअर बदलायचे तो आवाज आम्हाला झोपेतसुद्धा पाठ होता. दुकानात दिवसभर कॉईल गुंडाळायच्या यंत्राची टकटक चालायची, आणि वार्निशचा वास तर असा मुरलेला की मी कॉलेजात बाकावर बसले की शेजारची नाक वर करायची. पंचक्रोशीतल्या जळालेल्या मोटारी आमच्याकडं यायच्या. शेतकरी त्या गोणपाटात गुंडाळून आणायचे, बाकावर टेकायचे आणि आपल्या विहिरीची, वायरमनची आणि डीम लाईटची सगळी कहाणी सांगायचे. अण्णा ऐकता ऐकता मोटार खोलायचे, काळी पडलेली कॉईल बोटानं खरवडायचे आणि निदान सांगायचे. निदान बहुतेक एकच असायचं. व्होल्टेज कमी पडलं, मोटार तशीच ओढत राहिली, जळाली. मला हे वाक्य बाराखडीच्या आधी येत होतं म्हटलं तरी चालेल.

वहिनी तळेघरची. दादाशी लग्न होऊन आली ती सोबत नाचणीचं पीठ, डोंगरातला तांदूळ आणि मंचरच्या क्लासात केलेला कॉम्प्युटरचा कोर्स घेऊन. तिच्या गावाला एसटी आली तर आली, नाहीतर पाय आहेतच, अशी परिस्थिती. त्यामुळे ती चालायची भराभर आणि बोलायची सावकाश. आईला आधी वाटलं, पोरगी मंद आहे. मग तिनं एकदा मासवडी केली. बेसनाचा पातळ थर, आत सारण, कापलेली वडी अशी की एकाही तुकड्यातून खोबऱ्याचा कण सांडला नाही. आई त्या ताटाकडं बघत राहिली आणि म्हणाली, हाताला घाई न्हाई पोरीच्या. आईच्या तोंडून ही केवढी मोठी पावती होती ते फक्त आम्हालाच ठाऊक. मला स्वतःला वहिनी पहिल्या दिवसापासून आवडली होती. मी तडकायचे, ती ऐकून घ्यायची आणि मग एखादंच वाक्य असं बोलायची की मला माझंच हसू यायचं.

दादा लग्नाचं आणि यात्रांचं शूटिंग करायचा. कॅमेऱ्यातली कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची, नको ते कापायचं, नावं टाकायची, गाणी बसवायची आणि सीडी काढायची, हे काम पूर्वी तो बाहेरून करून आणायचा. वहिनी आल्यावर तिनं सांगितलं, हे मी घरी करते. दादानं जुना डेस्कटॉप आणला. दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत तो बसवला. पण त्या खोलीवर अण्णांचा डोळा होता. त्यांना वायंडिंगचं दुसरं यंत्र घ्यायचं होतं आणि ते ठेवायला दुसरी जागाच नव्हती. त्यांनी मला बोलावून सरळ निरोप दिला: “यात्रांचा हंगाम सरंस्तोवर खोली तिची. तिचं काम बसलं तर पुढं बघू. न्हाई बसलं तर माझं यंत्र तिथं येईल म्हणावं.” वहिनी तेव्हा खोलीतच होती आणि दार उघडं होतं. मी जाऊन परत सगळं सांगितलं. तिनं मान हलवली. त्या वेळी मला कळलं नव्हतं, आता स्वतःची कामाची जागा मिळवायला कुठं कुठं भांडून झाल्यावर कळतं, की सासरी नव्यानं आलेल्या बाईला स्वतःच्या कामाची खोली म्हणजे काय असतं. चूल सगळ्यांची असते. पाणवठा सगळ्यांचा. खोली तिची एकटीची होती आणि तीही उसनी.

चैत्र लागला. आमच्याकडं चैत्र-वैशाख म्हणजे गावोगावच्या यात्रा आणि यात्रा म्हणजे बैलगाड्यांचा घाट, शर्यतीची चढण. कुणाचा गाडा किती सेकंदांत वर गेला यावर माणसं वर्षभर बोलतात. त्या बाऱ्यांच्या, म्हणजे एकेका गाड्याच्या धावेच्या, सीड्या गाडामालकांना लगेच लागायच्या. यात्रा शिळी झाली की सीडीही शिळी. आणि आमचं मशिन म्हणजे अजगर. सकाळी फिल्म कन्व्हर्ट करायला टाकावी तर दिवेलागणीलाही पडद्यावरची पट्टी अर्ध्यातच रेंगाळायची. मग एक दिवस वहिनी मशिन चालू होतानाच एक बटण दाबून धरून सेटिंगच्या निळ्या पडद्यात शिरली आणि प्रोसेसरचा वेग वाढवून आली. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. मला वाटलं हे चोरीचं काम आहे. ती म्हणाली, क्लासातले सर करायचे, फक्त डोकं ठिकाणावर ठेवून करायचं.

मशिन पळायला लागलं खरं. पण दुपारी पत्रा तापला की आतला पंखा बोंबलायचा आणि मशिन फट्‌दिशी बंद. काम पहिल्यापासून. दादानं मशिनच्या डब्याची एक बाजू काढून टाकली, टेबलफॅन लावला, पत्र्यावर ओली पोती टाकली. सकाळी चालायचं, दुपारी पडायचं. अण्णा दुकानातून हे सगळं ऐकत होते. त्यांनी निदान केलं, आणि काय केलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. व्होल्टेज कमी पडतंय.

मग अण्णांनी जे केलं ते आठवलं की मला आजही भरून येतं. गिऱ्हाइकांच्या मोटारी बाजूला सारून, जेवणसुद्धा लांबवून, त्यांनी आपल्या हातानं एक बूस्टर गुंडाळला. नवी कोरी तार, एकावर एक घट्ट वेढे, दोनदा वार्निश, वर पत्र्याची पेटी आणि तिला निळा रंग. चांगला भाकरीच्या परातीएवढा आणि उचलायला दोन माणसं. लाईट कितीही डीम झाली तरी खोलीत पुरेपूर व्होल्टेज. सुनेला तोंडानं एक शब्द न बोलणाऱ्या माणसानं तिच्यासाठी ही वस्तू केली. मला म्हणाले, “आता बंद पडणार न्हाई म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मशिन बंद पडलं.

वहिनी त्या निळ्या पेटीकडं बघत बसली. चूक अण्णांची नव्हती, त्यांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक मोटारीनं त्यांना तेच शिकवलं होतं. पण मशिनला व्होल्टेज कमी पडत नव्हतं. उलट आतल्या प्रोसेसरला जास्त मिळत होतं. वहिनीनं मला समजावलं ते असं: कारखान्यात एका साच्यातून असे असंख्य प्रोसेसर, म्हणजे चिपा, निघतात, काही दमदार, काही लेच्यापेच्या. लेच्यापेचीलाही पुरावं म्हणून कंपनी सगळ्यांना थोडं सढळ हातानं व्होल्टेज ठरवून देते. आपली चिप दमदार असली तर ती तोच वेग कमी व्होल्टेजवर धरेल, आणि व्होल्टेज थोडं उतरलं तरी उष्णता पुष्कळ उतरते. म्हणजे वेग चढवायचा आणि व्होल्टेज उतरवायचं, दोन्ही एकदम. मी म्हटलं, मग कर की. ती म्हणाली, अण्णांना न सांगता नाही. त्यांनी एवढी पेटी केली आणि मी गुपचूप उलटं करू?

झालं. माझी वरात सुरू झाली. मी दुकानात जाऊन म्हटलं, वहिनी म्हणते आतलं व्होल्टेज कमी करायचंय. अण्णांच्या हातातला पाना तसाच राहिला. आधी त्यांनी विचारायला लावलं, आत आहे तरी किती? मी जाऊन आले आणि म्हटलं, दीड व्होल्टच्या आसपास. अण्णांना वाटलं मी थट्टा करते. बॅटरीतल्या सेलाएवढं? त्यातून ही अजून काय कमी करणार? मग त्यांनी कोपऱ्यातून एक जळकी कॉईल उचलली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “ही दाखव तिला. कमी व्होल्टेजवर जळालेल्या मोटारींवर हे घर चालतंय. न् घरातलीच बाई व्होल्टेज कमी करती म्हणावं.” मी ती काळी कॉईल घेऊन आत गेले. वहिनीनं ती हातात घेतली, उलटसुलट बघितली, वास घेतला आणि म्हणाली, लई वाईट जळाली बिचारी. मग परत दिली. निरोप काही दिला नाही. मी परत आले तर अण्णा विचारतात, काय म्हणाली? मी काय सांगणार कपाळ.

असे दोन-तीन दिवस गेले. मी नुसती इकडून तिकडे. आणि मग तात्या आले. तात्या डिंभ्याकडच्या एका गावचे गाडामालक, यात्रा कमिटीतले मोठे माणूस, आवाज असा की घाटाला भोंगा लागू नये. त्यांच्या यात्रेची सगळी फिल्म आमच्याकडं होती आणि त्या दिवशी ती न्यायची ठरली होती. ते दुकानातल्या बाकावर बसले. वहिनीनं पाठवलेला चहा प्याले. तेवढ्यात आतून पंख्याचा आवाज वाढत गेला आणि थांबला. मला न बघता कळलं. तात्यांनाही कळलं. ते शांतपणे म्हणाले, अण्णा, राग मानू नका, पण कॅसेटी परत द्या, मी नारायणगावात करून घेतो. पुढच्या यात्रांची माणसंही माझ्याच तोंडाकडं बघत्यात.

म्हणजे हंगाम गेला. म्हणजे खोली गेली. अण्णा मान खाली घालून मला म्हणाले, “कॅसेटी काढून दे म्हणावं.”

आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, नाही सांगणार. मी काय टेलिफोनची तार आहे का? दोघांनाही देवानं तोंड दिलंय. तुमचं तुम्ही बोला. असं म्हणून मी तात्यांच्या शेजारी बाकावर फतकल मारून बसले. आई आतून धावत आली. पाहुण्यासमोर पोरीनं हा तमाशा मांडला म्हणून ती काय बोलणार होती देव जाणे, पण तिच्या मागून वहिनी आली. डोक्यावरचा पदर नीट केला, दुकानाच्या उंबऱ्यावर उभी राहिली आणि अण्णांकडं बघून बोलली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

“अण्णा, मोटारीच्या मागं पाण्याचं वझं असतंय. व्होल्टेज कमी झालं तरी पाणी तेवढंच उचलायचं, म्हणून ती करंट जास्ती वढती न् जळती. तुमचं बराबर हाये. पण माझ्या चिपंच्या मागं वझं न्हाई. ती नुसती मोजती. व्होल्टेज उतरलं की तिचा करंटबी उतरतो, ती गार पडती. लईच उतरलं तर ती चुकंल, थांबंल, पण जळायची न्हाई. तिला जाळायचं तर व्होल्टेज वाढवायला लागंल.” मग ती जरा थांबली. “तुमी हात लावून बघा. गरम झालं तर खोली आजच मोकळी करते.”

आईनं तोंडावर हात ठेवला होता. अण्णा माझ्याकडं बघायला लागले, सवयीनं, आणि मी छताकडं बघायला लागले. शेवटी तात्याच खाकरले. म्हणाले, “पोरगी म्हणती त्यात काय तरी हाये, अण्णा. बारीच्या दिवशी बैलाला पोटभर चारा घालतो का आपण? हलकं पोट ठेवलं तरच गाडा पळतो.” अण्णा म्हणाले, बैलाचं निराळं असतं. पण म्हणता म्हणता ते उठले आणि हात फडक्याला पुसून मागच्या खोलीकडं निघाले. आम्ही सगळे मागोमाग.

अण्णांची मोटार तपासायची एक रीत होती. मीटर लावायच्या आधी ते मोटारीच्या अंगावर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. हात किती वेळ ठेवता येतो त्यावरून ते मोटारीची प्रकृती सांगत, आणि ती सहसा चुकत नसे. त्यांनी मशिनच्या उघड्या बाजूनं आत, प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या कडेला, पंख्यापासून बोटं सांभाळून हात टेकवला. वहिनीनं काम चालू केलं. थोड्याच वेळात अण्णांनी हात झटकला. तिनं मशिन बंद केलं, निळ्या पडद्यात गेली, व्होल्टेज एक पायरी खाली घेतलं, पुन्हा काम चालू. अण्णांनी पुन्हा हात ठेवला. या वेळी जरा जास्त टिकला. पुन्हा एक पायरी. मी तिच्या मागं उभी राहून बघत होते आणि मला तिचा अभिमान वाटत होता. बाहेर ट्रक गरजतायत, सासू दारात उभी, गाडामालक घाम पुसतोय, पणाला खोली लागलेली, आणि ही बाई मासवडी थापावी तशी एक एक पायरी उतरतेय. एकदम खाली उडी मारून मोकळं व्हावं असं तिला एकदाही वाटलं नाही. मी असते तर पहिल्याच झटक्यात अर्ध्यावर आणून ठेवलं असतं.

हळूहळू अण्णांचाच चेहरा बदलत गेला. त्यांना चटक लागली. हात पात्यांवर ठेवून ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “अजून एक उतरव म्हणावं.” वहिनी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर आणि हे म्हणावं कुणाला, तर हवेला. तरी ती उतरवायची. शेवटी एका पायरीला पडदा गोठला. माऊस हलेना, पट्टी थांबली. तात्यांनी “गेलं” म्हणून श्वास सोडला आणि आईनं कपाळाला हात लावला. अण्णांनी मात्र हात काढला नव्हता. ते म्हणाले, “गार हाये. जळालेलं न्हाई.” वहिनी म्हणाली, तळ सापडला. आता इथून वर यायचं. ती एक पायरी वर आली, तिथं काम चाललं; तरी ती आणखी एक पायरी चढून थांबली. का, तर दुपार अजून तापायची होती आणि अगदी काठावर उभं राहून हंगाम काढता येत नाही.

तात्यांची फिल्म त्याच दुपारी, पत्र्याच्या ऐन झळीत, एकदाही न थांबता उतरली. वेग चढवलेलाच होता. पंखा कुजबुजत होता. तात्यांनी आपल्या गाड्याची बारी तिथंच उभ्यानं दोनदा बघितली आणि जाताना पुढच्या यात्रेच्या कॅसेटीही इथंच येतील असं अण्णांना नाही, वहिनीला सांगून गेले. बूस्टर तिनं काढला नाही. संध्याकाळी लाईट डीम व्हायची तेव्हा तो खरोखर उपयोगी पडायचा, आणि तसं तिनं आवर्जून सांगितलं. आता आमच्या ऑफिसात नवी मशिनं आली की पोरं मला त्यांचे वेग सांगतात. ती मशिनं स्वतःच आपलं व्होल्टेज खालीवर करतात म्हणे. बरंय. पण चिपेचा तळ शोधायला एवढा धीर लागतो हे मी जिच्याकडून शिकले तिच्यासारखं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

हंगाम सरला तेव्हा अण्णांचं दुसरं यंत्र आलं. टेम्पोतून उतरवलं आणि हमाल विचारायला लागले, कुठं ठेवायचं? मी जीव मुठीत धरून उभी होते. अण्णांनी ओसरीवरची आपली बाज उचलली, जिच्यावर ते दुपारची झोप काढायचे, ती आईच्या खोलीत नेऊन टाकली आणि यंत्र ओसरीवर बसवून घेतलं. मग ते हातोडी आणि खिळे घेऊन मागच्या खोलीत गेले. ठोकाठोकी ऐकून मी डोकावले. दाराला आतल्या बाजूनं ते नवी कडी बसवत होते. वहिनी खुर्चीवरून उठून उभी राहिलेली.

“कामात असलीस की आतून लावून घेत जा,” अण्णा तिच्याकडं बघून म्हणाले. “ह्या घरात माणसं लई हाका मारत्यात.”

त्यांच्या वाक्याला शेपूट नव्हतं. म्हणावं नव्हतं. वहिनीनं मान डोलावली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

संध्याकाळी आई चुलीपुढून ओरडली, सूनबाई, भाकरी टाकायच्यात. मागच्या खोलीची कडी लागलेली होती. आईनं पुन्हा हाक मारली. ओसरीवरून अण्णांचा आवाज आला, “तिला हाक मारू नको. ती कामात हाये.” आईनं पिठाचा हात तसाच धरून माझ्याकडं बघितलं. त्या दिवसाच्या भाकरी मी थापल्या, आणि त्या कशा झाल्या याबद्दल घरात कुणीही एक अक्षर काढलं नाही.